दोनच ओव्हर टाकतो तो!
वाढत्या वयातल्या बॉलरचा हात आणि पाठ कशी सांभाळायची

(चिरनेर येथे पालक, मुलं आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्ते हाडांचे डॉक्टर आहेत. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



चिरनेरला आलं की आधी हुतात्मा स्मारकापाशी थांबायचं आणि मगच पुढे जायचं, ही माझी जुनी सवय. १९३० च्या २५ सप्टेंबरला इथल्या जंगल सत्याग्रहात जे घडलं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तुमच्या घराघरांत ते माहीत आहे. ती तारीख मात्र लक्षात ठेवा. आजच्या विषयात ती एकदा परत येणार आहे.

सुरुवात एका प्रश्नाने करतो. इथे बसलेल्यांपैकी किती मुलं टेनिस क्रिकेटमध्ये बॉलिंग टाकतात? हात वर करा. (बरेच हात वर होतात.) छान. आता गेल्या शनिवार-रविवारी मिळून तुम्ही एकूण किती चेंडू टाकलेत, हे ज्याला सांगता येईल त्यानेच हात वर ठेवा. (हात खाली जातात.) एकही नाही. विकेट किती घेतल्या ते सगळ्यांना पाठ असेल. कुणाला शेवटच्या ओव्हरला किती रन दिले तेही आठवत असेल. टाकलेले चेंडू मात्र कुणाच्याच लक्षात नाहीत. आजचं माझं सगळं बोलणं या न मोजलेल्या चेंडूंबद्दल आहे.

एका पोराची गोष्ट

माझ्याकडे एक मुलगा आला होता. गाव सांगत नाही. वय १४, नववीत. उंची एका वर्षात भराभर वाढलेली. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखत होतं. बॉल सोडताना कळ यायची, दप्तर उचलतानाही दुखायचं आणि हात पूर्ण सरळ होत नव्हता. वडील बरोबर होते. मी विचारलं, "किती बॉलिंग टाकतो?" ते म्हणाले, "डॉक्टर, दोनच ओव्हर टाकतो तो!"

ते खोटं बोलत नव्हते. आपल्याकडच्या सामन्यात एका बॉलरला दोनच ओव्हर मिळतात. मग मी केसपेपर उलटा केला आणि त्या मुलाबरोबर बसून हिशोब मांडला. शनिवारी सकाळी अकॅडमीत सीझन बॉलवर नेट, तिथे साधारण ६० चेंडू. शनिवारी रात्री प्रकाशझोतातले सामने, गावाच्या टीमकडून ३. रविवारी दुसऱ्या गावात, मामाच्या टीमकडून ४. म्हणजे ७ सामने, प्रत्येकी २ ओव्हर, १४ ओव्हर, ८४ चेंडू. वाईड-नो धरून आणखी १४. हे झाले ९८. प्रत्येक सामन्याआधी हात मोकळा करायला १० चेंडू, ते ७०. आता बेरीज करा. ६०, ९८ आणि ७०. दोनशे अठ्ठावीस! शनिवार सकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत २२८ चेंडू, आणि बाउंड्रीवरून कीपरकडे केलेले थ्रो यात धरलेलेच नाहीत.

वडील कागदाकडे बघत राहिले. पोरगा खाली बघत होता. मी त्याला विचारलं, "दुखायला लागून किती दिवस झाले?" तो म्हणाला, "दिवाळीपासून." तेव्हा फेब्रुवारी चालू होता. "सांगितलं का नाहीस?" तर म्हणाला, "सांगितलं असतं तर बसवला असता."

यात कुणाची चूक होती? गावाच्या टीमने त्याला दोनच ओव्हर दिल्या, मामाच्या टीमनेही दोनच. अकॅडमीच्या सरांनी एक तास घेतला. प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर होता. गोष्ट एवढीच की नियम सामन्याला होता, मुलाला नव्हता. सामने सात होते, हात मात्र एकच.

हाडात नेमकं काय होतं

मुलाचं हाड म्हणजे मोठ्या माणसाच्या हाडाची छोटी प्रत नव्हे. मुलाच्या हाडाच्या टोकाशी एक पट्टी असते, कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची. तिला आम्ही ग्रोथ प्लेट म्हणतो. उंची तिथून वाढते. वाढ पूर्ण झाली की ती पट्टी भरते आणि हाड एकसंध होतं. कोपराच्या आतल्या उंचवट्याची पट्टी साधारण पंधराव्या वर्षाच्या आसपास भरते, कुणाची थोडी आधी, कुणाची नंतर. खांद्याची तर अठराच्या पुढेपर्यंत उघडी राहू शकते.

तुमच्या वाडीत आंब्याचं कलम बांधतात. बांधल्यावर जोड धरेपर्यंत त्याला कुणी हिसका देतं का? वरची फांदी मजबूत असते, खालचं खोडही मजबूत असतं, पण जोड कच्चा असतो. हिसका बसला तर फांदी मोडत नाही, जोड सुटतो. मुलाच्या हाताचं तसंच आहे. जोरात चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूवर ताण येतो. मोठ्या माणसात तो ताण लिगामेंट, म्हणजे सांध्याची दोरी, सोसते. मुलात ती दोरी पट्टीपेक्षा मजबूत असते, म्हणून ओढ पट्टीवर येते. ती एका चेंडूने सुटत नाही. प्रत्येक चेंडूला अगदी बारीक इजा होते आणि विश्रांती मिळाली की शरीर ती भरून काढतं. भरून निघायच्या आत पुढचे शंभर चेंडू आले की इजा साठत जाते. अतिवापर म्हणतात तो हाच.

अमेरिकेत हे दुखणं बेसबॉल खेळणाऱ्या मुलांमध्ये इतकं दिसलं की डॉक्टरांनी त्याला मुलांच्या स्पर्धेचंच नाव दिलं. तिथल्या मुलांच्या बेसबॉल स्पर्धेला लिटल लीग म्हणतात, म्हणून दुखणं 'लिटल लीग एल्बो'. हे नाव १९६० पासून वापरात आहे. खांद्याच्या पट्टीला होतं ते 'लिटल लीग शोल्डर'. आपल्या पोराच्या एक्स-रेवर मी जेव्हा तेच बघतो तेव्हा वाटतं, याला उरण-पनवेलचं नाव द्यायची वेळ येऊ नये.

"पण टेनिस बॉल तर हलका असतो"

हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. साधा टेनिस बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा. जवळजवळ तिप्पट फरक. मग हाताला काय होणार?

आता वजनाचाच हिशोब करू. माणसाचा एक हात, खांद्यापासून बोटांपर्यंत, साधारण शरीराच्या वजनाच्या ५ टक्के भरतो. पोरगा ४० किलोचा असेल तर त्याचा हात २ किलोचा. म्हणजे बॉल टाकताना तो ६० ग्रॅमचा बॉल फिरवतोच, पण त्याबरोबर २ किलोचा हातही पूर्ण वेगाने फिरवतो आणि बॉल सुटल्यावर तो हात थांबवतोही. थांबवण्याचं काम खांद्यामागच्या लहान लहान स्नायूंचं. बॉल हलका म्हणून सांध्यावरचा ताण थोडा कमी होतो, हे खरं. पण हात हलका होत नाही.

हलका बॉल असला की पोरं आणखी एक गोष्ट करतात. वेग काढायला कोपर वाकवून झटका देतात. आंतरराष्ट्रीय नियमात बॉल टाकताना कोपर जास्तीत जास्त १५ अंश सरळ होऊ शकतो. आपल्या मैदानांवर ते मोजायला कोण बसलंय? असा झटका म्हणजे बॉलिंग राहत नाही, बेसबॉलच्या फेकीसारखं काहीतरी होतं. म्हणजे बेसबॉलचं कोपर आणि क्रिकेटची पाठ, दोन्ही दुखणी एकाच पोराच्या वाट्याला.

पाठीचं वेगळं सांगतो. वेगवान बॉलर पुढचा पाय आपटतो तेव्हा जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच पट जोर उलटा येतो. मोठ्या बॉलरांवर हे मोजलेलं आहे. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली आणि एका बाजूला वळलेली असते. सगळा भार कमरेच्या मणक्याच्या मागच्या एका बारीक हाडावर येतो. तिथे बारीक तडा जातो, त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. बहुतेक वेळा तो बॉलिंगच्या हाताच्या विरुद्ध बाजूला असतो. उजव्या हाताचा बॉलर कमरेत डावीकडे दुखतंय म्हणाला की माझे कान टवकारतात. इथे बॉल टेनिसचा आहे की सीझनचा, त्याने काहीच फरक पडत नाही. पाय तेवढ्याच जोरात आपटतो.

डेनिस लिलीला हे १९७३ मध्ये झालं आणि तो दीड-एक वर्ष बाहेर बसला. पॅट कमिन्सने १८ व्या वर्षी, २०११ मध्ये, पहिल्याच कसोटीत एका डावात ६ बळी घेतले. त्याची पुढची कसोटी कधी झाली? मार्च २०१७ मध्ये, आपल्याकडे रांचीत. मधली पाच वर्षं मुख्यतः पाठीने खाल्ली. आपल्या बुमराहचं २०२३ मध्ये पाठीचं ऑपरेशन झालं. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने दीडशेच्या वर ओव्हर टाकल्या, ३२ विकेट काढल्या आणि शेवटच्या सिडनी कसोटीत दुसऱ्या डावात तो बॉलिंगला उतरूच शकला नाही. म्हणून २०२५ च्या इंग्लंड दौऱ्याला जातानाच ठरलं होतं, पाचपैकी तीनच कसोटी खेळायच्या. जगातल्या सगळ्यात भारी बॉलरचा हिशोब अख्खा देश ठेवतो. आपल्या नववीतल्या पोराचा कुणी ठेवत नाही.

मोजायला कोणी सुरुवात केली

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. आपल्या शालेय स्पर्धांतही बेसबॉल, सॉफ्टबॉल आहे, काही मुलांना माहीत असेल. अमेरिकेत आधी मुलांच्या पिचिंगला मर्यादा होती ती डावांची, म्हणजे इनिंगची. मग लक्षात आलं की एक इनिंग दहा चेंडूंतही संपते आणि चाळीस चेंडूंतही. आपल्या ओव्हरचंही तसंच. सहाची ओव्हर वाईड-नो धरून नऊची होते. म्हणून लिटल लीगने २००७ पासून इनिंग मोजणं सोडलं आणि चेंडू मोजायला सुरुवात केली.

यामागे अभ्यास होते. एका अभ्यासात ९ ते १४ वर्षांचे ४८१ पिचर दहा वर्षं नजरेखाली ठेवले. वर्षात १०० पेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट निघाली. २००६ च्या दुसऱ्या अभ्यासात खांद्याचं किंवा कोपराचं ऑपरेशन झालेल्या ९५ तरुण पिचरांची तुलना न दुखावलेल्या ४५ जणांशी केली. वर्षातले ८ महिन्यांपेक्षा जास्त पिचिंग करणाऱ्यांना धोका पाच पट होता. आणि हात थकलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांना? ३६ पट. हा आकडा मी मुद्दाम सावकाश सांगतोय. छत्तीस पट. थकव्यात टाकणं हा सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे.

त्यावरून २०१४ मध्ये तिथल्या मुख्य बेसबॉल संघटनेने वयानुसार तक्ता काढला. १३-१४ वर्षांच्या मुलाने दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू. पण खरी गंमत विश्रांतीत आहे. १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने २० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकायला हरकत नाही. २१ ते ३५ टाकले तर १ दिवस सुट्टी, ३६ ते ५० ला २ दिवस, ५१ ते ६५ ला ३ दिवस आणि त्याच्या वर गेला की ४ दिवस. शिवाय एका वेळी अनेक टीमकडून टाकू नका आणि पिचरला त्याच दिवशी कीपरच्या जागी उभं करू नका, असंही सांगितलं.

क्रिकेटमध्ये इंग्लंडच्या बोर्डाने वेगवान बॉलरांसाठी असेच नियम केले. १३ वर्षांखालच्याने एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० ओव्हर, १५ खालच्याने ६ आणि १२. ऑस्ट्रेलियात साधारण पंधरा वर्षांच्या ४४ वेगवान बॉलरांचा २००५ मध्ये अभ्यास झाला. दोन बॉलिंगच्या दिवसांत सरासरी साडेतीन दिवसांपेक्षा कमी अंतर असणाऱ्यांना दुखापतीचा धोका तिप्पट निघाला. म्हणजे साधं गणित, आठवड्यात दोन दिवस बॉलिंग. आपण शनिवार-रविवार लागोपाठ टाकतो आणि बुधवारी नेटलाही जातो.

पावसाळ्याने दिलेली सुट्टी

अमेरिकेच्या त्या तक्त्यात आणखी एक सल्ला आहे. वर्षातले किमान ४ महिने फेकणं पूर्ण बंद, त्यातले २-३ महिने सलग. तिकडच्या पालकांना हे पटवताना नाकी नऊ येतात. आपल्याला हे वरूनच मिळालेलं होतं! जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. शेतात भात, मैदानात चिखल, क्रिकेट बंद. पोरं लावणीला जायची, चिंबोऱ्या पकडायची, गोविंदाच्या थरांवर चढायची. आपल्या आजोबांच्या पिढीचे हात वाचले त्यात या पावसाचा मोठा वाटा आहे.

आता टर्फ आलं. वरून जाळी, बाजूने जाळी, काही ठिकाणी छप्पर. भर जुलैत रात्री अकराला बॉक्स क्रिकेट चालतं. मी टर्फच्या विरुद्ध नाही, मीही जातो. पण बॉलर असलेल्या पोराला पावसाळ्यात बॅट धरू द्या, फील्डिंग करू द्या, फुटबॉल खेळू द्या, पोहू द्या. फक्त बॉलिंग नको.

मग सुरू कधी करायची? आता ती तारीख येते. २५ सप्टेंबरला स्मारकावर मानवंदना झाली की दुसऱ्या दिवसापासून वही उघडा. पहिल्या आठवड्यात दोन दिवस, दर दिवशी १२ चेंडू, निम्म्या जोराने. दुसऱ्या आठवड्यात १८, तिसऱ्यात २४. असं चढवत पाच-सहा आठवड्यांत पूर्ण जोरावर या. दिवाळीनंतरच्या पहिल्या स्पर्धेला हात तयार असतो. बहुतेक पोरं काय करतात? चार महिने काही नाही आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदम तीन दिवसांत दहा सामने. दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात गर्दी होते ती उगाच नाही.

एक वही, एक आकडा

उपाय फार सोपा आहे आणि त्याला खर्च नाही. प्रत्येक बॉलर पोराच्या नावाची एक वही. ती घरात राहील, टीमकडे नाही. कारण टीम तीन आहेत आणि घर एकच आहे. रोज चार आकडे लिहायचे: सामन्यात किती टाकले, नेटवर किती टाकले, सामन्याआधी किती टाकले आणि दुखलं का. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या.

मर्यादा मी सुचवतो ती जरा कडक आहे, आणि मुद्दाम आहे. इंग्लंडचा बॉलर सहा ओव्हर दमाने टाकतो. आपल्याकडे प्रत्येक चेंडू यॉर्कर नाहीतर पूर्ण वेगाचा, आणि दोन सामन्यांमधल्या तासाभरात अंग थंड पडलेलं असतं. म्हणून १४ वर्षांपर्यंत सगळे मिळून दिवसाला ३६ चेंडू, १५-१६ ला ४८. लागोपाठ दोन दिवस टाकायचं नाही. आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस नाही. ज्या दिवशी टाकलं त्या दिवशी कीपिंग नाही आणि बाउंड्रीऐवजी पॉइंटला किंवा स्लिपला उभं राहायचं.

आता मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती. तुमच्या हातात खूप काही आहे. स्कोअरर तुमचा, माईक तुमचा. तुम्ही नियम करा की १६ वर्षांखालचा मुलगा एका दिवसात सगळे सामने मिळून चारपेक्षा जास्त ओव्हर टाकणार नाही. स्कोअरिंगच्या अ‍ॅपवर प्रत्येकाचे चेंडू असतातच, फक्त दिवसाची बेरीज करायची. समालोचक माईकवरून एवढं जोरात ओरडतात, त्यांनी एकदा म्हणावं, "या बॉलरचे आजचे चेंडू संपले, टाळ्या वाजवा!" बसवला म्हणून पोराला लाज वाटते. टाळ्या वाजल्या तर वाटणार नाही. आणि नियम स्पर्धेचाच असला की कॅप्टनलाही वाईट व्हावं लागत नाही.

डॉक्टरकडे कधी यायचं

स्नायू अंबरणं वेगळं आणि दुखणं वेगळं. अंबरलेलं दोन दिवसांत जातं आणि ते पसरलेलं असतं. बोट ठेवून "इथेच" असं सांगता आलं तर सावध व्हा. कोपराच्या आत किंवा खांद्याच्या वरच्या भागात बॉल सोडताना दुखतंय, हात सरळ होत नाही, रात्री दुखण्याने जाग येते, कंबर मागे वाकवली की एका बाजूला कळ येते, वेग अचानक कमी झाला किंवा चेंडू जागेवर पडेनासा झाला, यातलं काहीही झालं तर बॉलिंग त्याच दिवशी बंद करा. आठवड्यात गेलं नाही तर दाखवा.

सुरुवातीला आलात तर बहुतेक वेळा औषध म्हणजे फक्त विश्रांती. त्या नववीतल्या मुलाच्या दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढला. उजवीकडची पट्टी डावीकडच्यापेक्षा रुंद झाली होती. तीन महिने बॉलिंग बंद, व्यायाम चालू, बॅटिंगला उशिरा परवानगी. पावसाळाही विश्रांतीतच गेला. पुढच्या हंगामात तो खेळला. वही ठेवतो. आणखी सहा महिने उशिरा आला असता तर हे इतक्या सहज सांगता आलं नसतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक आजोबा: "डॉक्टर, आमी भात लावला, मिठागरान मीठ उचलला. आमचा हात कदी दुखला नाय. आताची पोरा नाजूक हायेत."*

आजोबा, तुमचं काम आमच्याच्याने होणार नाही, हे आधी कबूल करतो. पण मीठ तुम्ही कसं उचललंत? दोन्ही हातांनी, सावकाश, अंग लावून. एका हाताने पूर्ण जोराने झटका देऊन दिवसाला शंभर पाट्या फेकल्या नाहीत. आणि पाऊस आला की मिठागर बंद. शिवाय तुम्ही लहानपणापासून थोडं थोडं करत वाढलात. शरीर कष्टाला घाबरत नाही, ते एकदम आलेल्या आणि न थांबणाऱ्या कष्टाने मोडतं. (आजोबा: "खांदा दुखतो आता, पन.") बघा! उद्या या दवाखान्यात.

*एक पालक: "सचिन तर एका दिवसात दोन-दोन मैदानांवर खेळायचा. आचरेकर सर स्कूटरवरून घेऊन जायचे."*

खरं आहे. पण ते त्याला बॅटिंगसाठी नेत होते. बॅटिंगने हात दुखत नाही असं नाही, पुढे सचिनला टेनिस एल्बोचा त्रास झालाच, पण तो मोठेपणी आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला. वाढत्या वयातल्या वेगवान बॉलरचा भार वेगळा आहे. आणि मुंबईतून सचिनही चेन्नईला वेगवान बॉलर व्हायलाच गेला होता, लिलीने त्याला परत पाठवलं. त्याचं भलंच झालं.

*एक मुलगा: "स्प्रे मारला की दुखत नाय. मग टाकलं तर चालेल ना?"*

नाही. स्प्रेने दुखणं लपतं, तडा भरत नाही. दुखणं ही शरीराने मारलेली शिट्टी आहे. शिट्टी बंद केली म्हणून गाडी थांबत नाही. दुखणं घालवायची गोळी घेऊन बॉलिंग टाकणं तर अजिबात नको. आणि एक सांग, तुला दुखतंय का? (मुलगा हसतो.) कार्यक्रम झाल्यावर थांब.

*एक कार्यकर्ता: "ऑपरेशन करून हात आधीपेक्षा मजबूत होतो, असं ऐकलंय."*

हा समज अमेरिकेतून आलाय. १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरातली तुटलेली दोरी डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातली शीर घालून बदलली. तो परत आला आणि पुढे १९८९ पर्यंत खेळला. त्यामुळे लोकांना वाटलं, ऑपरेशन केलं की हात नवा. पण तो तेव्हा तिशीतला पक्का खेळाडू होता, आणि ऑपरेशननंतर वर्षभराहून जास्त तो बाहेरच बसला होता. मुलाच्या उघड्या पट्टीला तो न्याय लागू होत नाही.

*एक आई: "मंडळाची पोरं दारात येऊन उभी राहतात. फायनल आहे, काकी, पाठवा म्हणतात. नाही कसं म्हणायचं?"*

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात खरा आहे. गावाची फायनल आहे, पोरं आपलीच आहेत, नकार देणारी आई वाईट ठरते. म्हणूनच वही हवी. वही दारात आणा आणि पोरांना दाखवा. "हे बघ, काल ३६ झाले. आज बॅटिंगला पाठवते, बॉलिंगला नाही." हे तुमचं मत राहत नाही, वहीतला आकडा बोलतो. आणि मुलीच्या बाबतीतही तेच. आता मुलीही चांगली बॉलिंग टाकतात, त्यांची हाडं याच नियमाने चालतात.

वेळ झाला. बाहेर टेबलावर शंभर पानी वह्या ठेवल्यात. ज्याच्या घरात बॉलर आहे त्याने एक न्या. गेल्या शनिवार-रविवारचे चेंडू आज घरी बसून आठवा आणि पहिल्या पानावर लिहा. आकडा मोठा आला तर या रविवारी बॅट घेऊन जा.